तलफ आणि डोहाळे

म्हैसूरच्या विजयनगर भागात राहणाऱ्या माणसाच्या आसपास तरतरी आणणारे तीन पदार्थ आहेत. पहिला कॉफी. ती पश्चिमेकडून, कोडगूहून येते, आणि सकाळी आमच्या रस्त्यावर चार घरं ओलांडेपर्यंत दोन घरांतून तरी फिल्टरचा वास येतो. दुसरा तंबाखू. हुणसूर, पिरियापट्टण, हेग्गडदेवनकोटे हा सगळा व्हर्जिनिया तंबाखूचा पट्टा. हुणसूर इथून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या शेतांत पानं भाजायच्या भट्ट्या आहेत आणि तंबाखू मंडळाच्या केंद्रांवर पानांचा रीतसर लिलाव होतो. तिसऱ्या पदार्थाची आम्हांला कल्पना नव्हती. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी इथल्या रिंगरोडलगत धाड घालून मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. पावणेदोनशे किलोहून अधिक माल जप्त झाल्याच्या बातम्या आल्या. मुंबई-पुण्याची पोरं ज्याला ‘एमडी’ म्हणतात तोच हा पदार्थ. २०१५ पासून तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतो.

कॅफिन, निकोटिन आणि मेफेड्रोन हे तिन्ही रसायनशास्त्राच्या वर्गवारीत उत्तेजक आहेत. त्यांची ताकद आणि त्यांचे धोके अर्थातच सारखे नाहीत. कॉफीचा पेला आणि एमडीची पुडी यांना एका मापाने मोजणं हा वेडेपणा ठरेल. तरीही या तिघांना समाजात मिळालेली जागा त्यांच्या धोक्यांच्या प्रमाणात मिळाली आहे, असं म्हणवत नाही. एक पाहुणचार झाला, एक नगदी पीक झालं आणि एक गुन्हा. आणि यांतलं काही घेणारी बाई गर्भवती असेल, तर आपण तिच्याविषयी जे मत बनवतो ते बाळाला होणाऱ्या इजेवरून बनवतो, की त्या पदार्थाला चिकटलेल्या लाजेवरून? या लेखात मला या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

आधी इजेचं बोलू, कारण ती खरी आहे. उत्तेजक पदार्थ रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी पडतं आणि वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू नि अन्न घटतं. कोकेन आणि ॲम्फेटामिनसारख्या जोरकस पदार्थांनी आईचा रक्तदाब एकाएकी चढतो, वार वेळेआधी सुटण्याची भीती वाढते, आणि त्यात दोन्ही जीव जाऊ शकतात. बाळ दिवसांच्या आधी जन्मतं किंवा वजनाला कमी भरतं. कॉफीलासुद्धा मर्यादा आहे. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन घेणाऱ्या गर्भवतीने ते कमी करावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

मराठी बायकांच्या बाबतीत ज्या उत्तेजकाची इजा मोजून मांडली गेली आहे, तो मात्र पोलिसांच्या कुठल्याच पंचनाम्यात सापडणार नाही. तो मशेरीच्या डबीत असतो. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि बोटाने दातांना-हिरड्यांना लावून बसायचं. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या या संशोधकांनी मुंबईतल्या १२१७ गर्भवती बायकांचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तोंडातून तंबाखू घेणाऱ्या या बायकांत मशेरी लावणाऱ्याच बहुसंख्य होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि त्यांचा जन्म सरासरी सहा दिवस आधी झाला. त्याच बायकांविषयी २००६ साली आलेल्या दुसऱ्या लेखातला आकडा जास्त बोचतो. तंबाखू वापरणाऱ्यांत मृत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं, तर न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के. हे आकडे डोळ्यांपुढे असताना ‘मशेरी म्हणजे काय, दात घासायची पूड’ असं म्हणता येत नाही. पण मशेरी लावणाऱ्या सुनेकडे बघून कुणी ‘कसली आई ही!’ असंही म्हणत नाही. बहुतेक वेळा ती डबी तिला सासूनेच दिलेली असते.

माझा या विषयाशी संबंध भाषेमुळे आला. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरली आहेत, आणि दक्षिणेतल्या शहरांत ती बरीच आहेत. लग्न होऊन नव्याने आलेल्या मुलींना कन्नड येत नाही. दिवस गेले की तपासणीला बरोबर कुणीतरी दुभाषी लागतं, आणि विजयनगरमधली एक रिकामी मराठी बाई म्हणून त्या मला बोलावतात. पुढचं संभाषण कुणा एकीचं नाही. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून चार-पाचजणींचं बोलणं मी इथे एकत्र केलं आहे.

डॉक्टरबाई विचारतात, ‘एनादरू चट इदेया?’ कन्नडमध्ये चट म्हणजे वाईट सवय किंवा व्यसन. आपल्या ‘चटक’ शब्दाच्या जवळचा तो वाटतो. मी ‘काही व्यसन आहे का?’ असं विचारलं असतं तर भाषांतर बिनचूक झालं असतं, आणि उत्तरही ठरलेलं होतं. व्यसन नवऱ्याला असतं, दिराला असतं, बायकांना नसतं. म्हणून मी विचारते, ‘मशेरी लावतेस का गं?’

‘ती लावतेच की काकू. सकाळ-संध्याकाळ. त्याबिगर पोट साफ हुत न्हाई.’ आणि जरा थांबून, ‘पर व्यसन न्हाई हां कसलं.’

या उत्तरात लबाडी नाही. ‘लावणं’ आणि ‘खाणं’ या मराठीतल्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कुंकू लावतात, तेल लावतात, तशी मशेरी लावतात. पोटात जातं तेच बाळाला जातं, असं तिला वाटतं, आणि मशेरी तर आपण थुंकून टाकतो. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात उतरतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. डॉक्टरबाईंनी तिला रागावण्याऐवजी पुढचं विचारलं: दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती वेळाने, घरात आणखी कोण लावतं, दात दुखतो का, सकाळी काय खातेस. तेव्हा त्या मुलीने पहिल्यांदाच सांगितलं की सकाळचं पाणी येईपर्यंत आणि सगळ्यांचे डबे होईपर्यंत तिला काही खायला सवड नसते. मशेरी लावली की भूक मरते. आणि मशेरी लावून बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही, कारण तोंड भरलेलं असताना ओ देता येत नाही. त्या घरात तिला स्वतःची अशी तेवढी दहा मिनिटं होती.

हे ऐकल्यावर ‘तंबाखू वाईट, सोड’ एवढं सांगून भागत नाही. दुखरी दाढ, रिकामं पोट, बद्धकोष्ठ आणि नसलेला एकांत या चार दुखण्यांवर तिने एकच औषध शोधलेलं आहे. ते औषध बाळाला मारक आहे हे खरं, पण काढून घेतलं तर ती चारही दुखणी जागच्या जागी राहतात.

आणखी एक गाठ इथे आहे. निपाणीचं नाव १९८१च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रभर झालं. तिथल्या वखारींत राबणाऱ्या बायकांवर युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली माहितीपट केला. त्या वखारींत तंबाखू कुटायची, चाळायची, पाखडायची. दिवसभर धुळीत. पोटुशा बायकाही त्यांत असायच्या. हुणसूरकडे ओली पानं खुडणाऱ्या मजुरांच्या कातडीतून निकोटिन अंगात शिरतं; मळमळ, चक्कर, उलट्या होतात. या बायका तंबाखू ‘घेत’ नाहीत, तरी ती त्यांच्या अंगात जाते, आणि पोटातल्या जिवापर्यंतही पोचते. त्यांना बेजबाबदार आई म्हणायची आपली हिंमत होणार नाही. म्हणजे बाळाला पोचलेलं विष तेच असलं तरी ते पोटासाठी पोचलं तर ती बिचारी ठरते, आणि तलफेसाठी पोचलं तर दोषी. या भेदात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. मात्र त्या मुलीच्या सकाळच्या दहा मिनिटांत पोट कुठे संपतं आणि तलफ कुठे सुरू होते, ते मला सांगता येणार नाही.

दोष द्यायचं ठरवलं तर काय होतं, याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आहे. १९८०च्या दशकात तिथे क्रॅक कोकेनची साथ आली, आणि ‘क्रॅक बेबी’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला. एक अख्खी पिढी मतिमंद निपजणार असं भाकीत झालं. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरातल्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने १९८९ पासून ठरावीक गर्भवतींची लघवी कोकेनसाठी तपासून निष्कर्ष पोलिसांना द्यायला सुरुवात केली. तीस बायकांना अटक झाली. त्यांतल्या २९ कृष्णवर्णीय होत्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही संमतीविना केलेली झडती घटनाबाह्य ठरवली. पण तोवर तिथल्या गरीब बाईने एक धडा घेतला होता: दिवस गेले असतील आणि तुला सवय असेल, तर दवाखान्यात जाऊ नको. वैद्यकीय संघटना हेच बजावत होत्या. टेनेसी राज्याने २०१४ मध्ये असाच शिक्षेचा कायदा केला आणि दोन वर्षांनी त्याची मुदत संपू दिली.

याच काळातले दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. फ्लोरिडातल्या पिनेलस परगण्यात झालेल्या तपासणीत गोऱ्या आणि काळ्या गर्भवतींत अमली पदार्थांचा वापर जवळजवळ सारखा निघाला. पण अधिकाऱ्यांना कळवल्या जाण्याची शक्यता काळ्या बाईच्या बाबतीत सुमारे दसपट होती. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. दुसरा फिलाडेल्फियाच्या डॉक्टर हॅलम हर्ट यांचा. १९८९ ते १९९२ या काळात जन्मलेल्या २२४ बाळांपैकी निम्मी पोटात असताना कोकेन पोचलेली होती, निम्मी नव्हती. सगळीच गरीब घरांतली. या मुलांचा त्यांनी वीस-पंचवीस वर्षं माग ठेवला. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दोन्ही गट मागे होते, आणि त्यांना मागे ओढणारी गोष्ट मुख्यतः गरिबी होती. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. अकाली प्रसूतीचा आणि वार सुटण्याचा धोका तसाच राहतो. पण देशाने ज्या भविष्यासाठी आयांना बेड्या घातल्या ते भविष्य आलंच नाही. जे आलं त्याला वेगळी कारणं होती, आणि त्या कारणांना बेड्या घालता येत नाहीत.

हे सगळं मी एकदा बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका मित्राला सांगत होते. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘तू आईची बाजू मांडतेस, मांड. पण दीड किलोचं बाळ काचेच्या पेटीत पडलेलं असतं, श्वास घेता घेता दमतं, ते मी बघतो. त्याने कुणाला काय विचारलं होतं? त्याच्या बाजूने कोण बोलणार?’

हा आक्षेप मला बाजूला सारता येत नाही. गर्भ ही व्यक्ती आहे की नाही, या वादात न शिरताही एक गोष्ट मान्य करावी लागते. जे मूल जन्माला यायचं आहे, त्याचा धड शरीर मिळण्यावर दावा आहे. आईचं शरीर तिचं आहे, म्हणून हा दावा पुसला जात नाही. गर्भवतीच्या स्वातंत्र्याबद्दल बोलणाऱ्यांनी हे म्हणायला कचरू नये, कारण ती बाईदेखील असंच म्हणत असते. मला भेटलेल्या एकीनेही ‘माझं बाळ, मी काय वाट्टेल ते करीन’ असं म्हटलेलं नाही. ‘बाळाला काय हुईल का ओ?’ हेच पहिलं विचारलं आहे.

पण दावा मान्य केला की तो पुरा कसा करायचा, हे बघावं लागतं. नऊ महिने त्या बाळाकडे जायला एकच वाट आहे, आणि ती त्या बाईतून जाते. तिच्या पायांनी ती दवाखान्यात यायला हवी, तिच्या तोंडून खरं बाहेर पडायला हवं, आणि ऐकलेला सल्ला तिच्याच हातांनी अमलात यायला हवा. तिला भीती घातली की पाय थांबतात. लाज आणली की तोंड मिटतं. बाळाच्या बाजूने बोलायचं म्हणून आपण आईशी कठोर होतो, तेव्हा बाळापर्यंत जाणारी एकुलती एक वाट आपणच बुजवत असतो. काचेच्या पेटीतल्या बाळाची बाजू खरोखर घ्यायची तर ती सहा महिने आधी, त्याच्या आईच्या शेजारी बसून घ्यावी लागते.

मित्राचं यावर पूर्ण समाधान झालं नाही, आणि होऊही नये. काही वेळा सगळं करूनही बाई सोडू शकत नाही. सांगितलेलं समजतं, रडते, पुन्हा लावते, पुन्हा घेते. बाळाला इजा होते. अशा वेळी हाती फक्त दुःख उरतं. त्या दुःखाला एक गुन्हेगार मिळवून दिला की आपल्याला थोडं हलकं वाटतं. पण ती गरज आपली असते. बाळाला त्यातून काही मिळत नाही.

मग करायचं काय? याचं एक उत्तर आपल्याच जुन्या ग्रंथांत सापडलं आणि मी चकित झाले. ‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’वरून आला, आणि त्याच्या मागे ‘दौहृद’ आहे, म्हणजे दोन हृदयांची अवस्था. सुश्रुताने चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दौहृदिनी म्हटलं आहे. तिची इच्छा एकटीची नसते, म्हणून ती पुरवावी. आपली डोहाळजेवणं याच समजुतीवर उभी आहेत. कन्नडमध्ये तर ‘बयके’ हा एकच शब्द इच्छेलाही आहे आणि डोहाळ्यांनाही. पण गर्भवतीला अपायकारक वस्तूचीच इच्छा झाली तर? हा प्रश्न चरकाला पडला होता. त्याचं म्हणणं असं की अहितकर वस्तू टाळावी; पण इच्छा फारच तीव्र असेल तर ती वस्तूही हितकर वस्तूंची जोड देऊन द्यावी, कारण तीव्र इच्छा दडपल्याने गर्भाला अपाय होतो. गर्भवतीशी कसं वागावं, तर काठोकाठ तेलाने भरलेलं भांडं न हिंदकळता न्यावं तसं, हेही चरकच सांगतो.

यातलं शरीरशास्त्र आज जसंच्या तसं घेता येणार नाही, आणि चरकाचा दाखला देऊन कुणी गर्भवतीला मशेरी देऊ नये. पण त्यातला विवेक शिळा झालेला नाही. इच्छा तीव्र असते हे आधी मान्य करायचं, आणि मग ती काढून घेण्याआधी तिच्या शेजारी काय ठेवता येईल ते बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने गर्भारपणातल्या मादक पदार्थांच्या वापराविषयी २०१४ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीही याच दिशेने जातात. प्रत्येक गर्भवतीला, अगदी प्रत्येकीला, पहिल्या आणि पुढच्या भेटींत दारू आणि इतर पदार्थांबद्दल विचारावं. तिची संमती आणि तिचा मान राखावा. तिला कमी लेखू नये. अफूवर्गातल्या पदार्थांचं व्यसन असेल तर गर्भारपणात ते एकदम तोडू नये. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं. ‘अहिताला हिताची जोड’ याचं हे आजचं रूप म्हणता येईल.

उत्तेजकांच्या बाबतीत मात्र अशी बदली देणारी गोळी नाही. कोकेन, ॲम्फेटामिन किंवा मेफेड्रोन घेणाऱ्या गर्भवतीला देण्यासारखं मुख्य औषध म्हणजे माणसं: नियमित समुपदेशन, भेटींतलं सातत्य, गरज पडली तर काही दिवस रुग्णालयात ठेवणं, झोप, खाणं, रक्तदाबावर आणि बाळाच्या वाढीवर लक्ष, आणि घरातल्या मारझोडीपासून संरक्षण. एक साधा उपायही कामाचा ठरला आहे: न घेतल्याचं तपासणीत दिसलं की छोटं बक्षीस. ग्लासगोत सिगारेट ओढणाऱ्या ६१२ गर्भवतींवर हा प्रयोग झाला. नेहमीच्या मदतीबरोबर खरेदीची कुपनं मिळालेल्यांपैकी २२.५ टक्के जणींनी सिगारेट सोडली. कुपनं न मिळालेल्यांत हे प्रमाण ८.६ टक्के होतं. काहींना हे लाच दिल्यासारखं वाटतं. मला त्यात डोहाळजेवणाच्या ओटीची आठवण येते. तू महत्त्वाची आहेस, हे तिच्या हातात काही ठेवून सांगणं.

आता एमडी घेणारी, मुंबई-पुण्यात किंवा इथे म्हैसूरमध्ये शिकणारी किंवा नोकरी करणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा. पाळी चुकली आहे. ती कुणाकडे जाणार? अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे, हे तिला ठाऊक असतं. त्याच कायद्याच्या ६४अ कलमाने स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण दिलं आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आपली बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रं पुरुष डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिली. गर्दच्या साथीनंतर १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा व्यसनी माणूस म्हणजे रुग्ण, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी होती. पुढे त्याच मुक्तांगणाने बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला. असे विभाग मोजकेच. प्रसूतीच्या दवाखान्यात व्यसनाचं कुणी नाव काढत नाही, आणि व्यसनमुक्तीच्या जागी बाळंतपणाची सोय नसते. त्या मुलीने गप्प राहायचं ठरवलं तर तो निर्णय तिच्या बाजूने पाहता अगदी शहाणपणाचा आहे, आणि तिच्या बाळासाठी घातक. तिला शहाणपणाने गप्प बसायला लावणारी व्यवस्था आपण उभी केली आहे, म्हणून त्या इजेत आपलाही वाटा आहे.

‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ संकट, आपत्ती असा आहे. मराठीत येईपर्यंत तो अर्थ गळाला आणि दुर्गुण तेवढा उरला. संकटात सापडलेल्याकडे आपण धावतो, दुर्गुणी माणसापासून लांब होतो. शब्दाच्या अर्थाबरोबर आपले पायही फिरले. आणखी एक गोष्ट मराठीच्या वापरातच आहे. आपण दोष ‘देतो’ आणि जबाबदारी ‘घेतो’. दोष बाहेरून कुणीही कुणावर टाकू शकतं. जबाबदारी ज्याची त्याने उचलावी लागते, आणि उचलायला अंगात बळ लागतं. बळ येण्याआधीच दोषाचं ओझं दिलं, तर उचलायला हात शिल्लक राहत नाहीत. या बायकांना जबाबदारीतून मोकळं करा, असं मी म्हणत नाही. तसं करणं म्हणजे त्यांना अजाण ठरवणं. त्यांना ती घेता यावी एवढंच आपण बघायचं. आणि ती घेताना शेजारी आणखी हात हवेत: डबी पाठवणाऱ्या सासूचे, गुटखा थुंकून आत येणाऱ्या नवऱ्याचे, दाढ काढून देणाऱ्या दंतवैद्याचे, सकाळी आधी खाऊन घे म्हणणाऱ्या कुणाचे तरी.

‘काय खावंसं वाटतंय गं?’ हे आपल्याकडे गर्भवतीला अख्खं गाव विचारतं. चिंच म्हणाली तर चिंच येते, चुलीतली माती म्हणाली तरी कुणी तिला नावं ठेवत नाही. हसतात आणि म्हणतात, बाळच मागतंय. तलफेबद्दलही त्याच सुरात विचारता येईल का? ‘काय लावतेस, काय घेतेस, कशाशिवाय राहवत नाही?’ उत्तर ऐकून काय करायचं ते वैद्यक पुष्कळ अंशी सांगू शकतं. विचारताना आवाज कसा ठेवायचा, ते मात्र आपण डोहाळे पुरवताना आधीच शिकलो आहोत.